बॅक्टेरियाची भिंत आपल्या शरीराला कशी कळते? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. वर्गात विचारलेले, पालकांनी फोनवर विचारलेले आणि रिपोर्टचा फोटो पाठवून "मॅडम हे काय आहे सांगा ना" असं विचारलेले, सगळे प्रश्न इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढे अवघड होत जातात. तेच तेच परत लिहायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा. औषधाचं मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

१. बॅक्टेरियाला भिंत असते म्हणजे काय असतं? आपल्या पेशींना नसते का?

नसते. आपल्या पेशीला फक्त पातळ तेलकट पडदा असतो, कारण ती शरीरात असते आणि तिथे मीठ-पाण्याचं प्रमाण सांभाळलेलं असतं. बॅक्टेरियाचं तसं नाही, तो आज डबक्यात तर उद्या आतड्यात, आणि त्याच्या आत इतकं काय काय विरघळलेलं असतं की बाहेरचं पाणी सतत आत घुसायला बघतं, भिंत नसेल तर तो फुटेलच. बाजारात कांदे लाल जाळीच्या पिशवीत मिळतात ना, तशी जाळी आणि तिच्या आत टम्म फुगलेला फुगा असं डोळ्यासमोर आणा. ती जाळी म्हणजे पेप्टिडोग्लायकन. तिचे लांब धागे दोन साखरांचे, एन-असिटाइल ग्लुकोसामाइन आणि एन-असिटाइल म्युरॅमिक ॲसिड, एकाआड एक ओवलेल्या (आम्ही सरळ नॅग आणि नॅम म्हणतो), आणि धागे एकमेकांना बांधणाऱ्या गाठी अमिनो ॲसिडच्या छोट्या साखळ्यांच्या. पेनिसिलिन या गाठीच मारू देत नाही.

आता महत्त्वाचं. नॅम ही साखर माणसाचं शरीर बनवतच नाही. आणि त्या गाठींमधली काही अमिनो ॲसिडं डी प्रकारची असतात, आपली प्रोटीनं बनतात ती एल प्रकारच्या, डावा आणि उजवा हातमोजा असतो तसा फरक. म्हणजे शरीरात कुठेही नॅमचा तुकडा सापडला तर तो बॅक्टेरियाचाच, दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही. पुढचं बरंचसं यावर उभं आहे.

२. रिपोर्टवर ग्रॅम पॉझिटिव्ह, ग्रॅम निगेटिव्ह लिहितात, त्यात पॉझिटिव्ह म्हणजे वाईट का?

नाही हो. ग्रॅम हे माणसाचं नाव, हान्स क्रिस्तियान ग्रॅम, डेन्मार्कचे डॉक्टर, १८८४ साली बर्लिनमध्ये काम करताना त्यांनी ही रंगवायची पद्धत छापली. जांभळा रंग द्यायचा, आयोडीन टाकायचं, मग अल्कोहोलने धुवायचं. ज्यांची भिंत जाड त्यांच्यात जांभळा रंग अडकून राहतो, ते पॉझिटिव्ह (स्टॅफ, स्ट्रेप). ज्यांची पातळ त्यांचा धुतला जातो आणि नंतर दिलेला लालसर रंग दिसतो, ते निगेटिव्ह (ई-कोलाय, टायफॉइडचा साल्मोनेला, कॉलराचा व्हिब्रिओ). निगेटिव्हवाल्यांची जाळी पातळ असली तरी तिच्या बाहेर आणखी एक पडदा असतो आणि त्यात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू खच्चून भरलेला असतो, पुढे सगळीकडे एलपीएस म्हणते. जुनं नाव एंडोटॉक्सिन, ते रिचर्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास कॉलरावर काम करताना दिलं, कारण मेलेल्या जंतूंनीसुद्धा प्राणी आजारी पडत होते.

३. शरीर बॅक्टेरियाला ओळखतं कसं? आधी कधी पाहिलेला नसला तरी?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. अँटिबॉडी बनायला आठवडाभर तरी जातो, पण काटा रुतला तर काही तासांत बोट लाल होऊन ठणकायला लागतं, म्हणजे कोणीतरी आधीच ओळखलेलं असतं. १९८९ मध्ये चार्ल्स जेनवे यांनी यावर एक विचार मांडला. त्या काळी एक गोष्ट सगळ्या इम्युनॉलॉजीवाल्यांना माहीत होती पण कोणी फार बोलत नव्हतं, की नुसतं शुद्ध प्रोटीन टोचलं तर शरीर धड दखल घेत नाही, त्यात मेलेल्या बॅक्टेरियाचा चुरा मिसळला की मग लस लागू पडते. जेनवे म्हणाले की शरीराकडे जन्मापासूनच काही रिसेप्टर (पेशींची ओळख पटवणारी प्रोटीनं) असले पाहिजेत जे एकेका जंतूला नाही तर जंतूंच्या अख्ख्या जमातीत सारख्या असणाऱ्या नमुन्यांना ओळखतात. असा एकही रिसेप्टर तेव्हा हातात नव्हता, तरी हे म्हणायची हिंमत त्यांनी केली.

भिंतच का, तर बॅक्टेरिया शेपटी गुंडाळू शकतो, वरचं आवरण बदलू शकतो, प्रोटीनं बदलू शकतो, पण भिंतीचा मूळ माल बदलायला गेला तर स्वतःच फुटेल. जे त्याला सोडता येत नाही तेच आपण धरून ठेवलंय.

४. हे टीएलआर४ काय आहे? माशीशी त्याचा काय संबंध?

टोल हा जीन आधी फळमाशीत सापडला, अळीचं पोट कुठलं आणि पाठ कुठली हे ठरवणारा म्हणून, इम्युनिटीचा तिथे विषयही नव्हता. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ब्रूनो लेमेत्र आणि ज्यूल्स हॉफमन यांच्या टीमने दाखवलं की टोल बिघडलेल्या माश्या बुरशीने मरतात. १९९७ मध्ये मेदझितोव आणि जेनवे यांनी माणसातला तसा जीन दाखवला, तोच टोल-लाइक रिसेप्टर ४, म्हणजे टीएलआर४, पण तो नक्की काय ओळखतो हे कळलं नव्हतं.

उत्तर उंदरांनी दिलं. सी३एच-एचइजे नावाच्या जातीचे उंदीर होते, त्यांना एलपीएस कितीही द्या, काही होत नव्हतं, आणि हे कित्येक वर्षं माहीत होतं. ब्रूस बॉयटलर यांच्या लॅबने बरीच वर्षं एकेक जीन चाळत १९९८ मध्ये कारण शोधलं, टीएलआर४ च्या जीनमध्ये एकच अक्षर चुकलेलं. बॉयटलर आणि हॉफमन यांना २०११ चं नोबेल मिळालं (अर्धं बक्षीस राल्फ स्टाइनमन यांना, ते घोषणेच्या तीनच दिवस आधी गेले होते). जेनवे २००३ मध्येच गेले, मला ते दरवेळी शिकवताना लागतं.

काम कसं चालतं तर रक्तात एलबीपी नावाचं प्रोटीन असतं, ते एलपीएस उचलून सीडी१४ कडे देतं, सीडी१४ ते एमडी२ च्या खिशात टाकतं आणि तो खिसा टीएलआर४ ला चिकटलेला असतो. ओळखला जातो तो एलपीएसचा तेलकट भाग, लिपिड ए. ई-कोलायच्या लिपिड ए ला सहा फॅटी साखळ्या असतात, पाच खिशात बसतात आणि सहावी बाहेर डोकावते, तिला शेजारचा दुसरा टीएलआर४ येऊन चिकटतो, जोडी जमली की पेशीच्या आत सिग्नल जातो. हा सहाचा आकडा विसरू नका, प्रश्न १३ ला लागेल.

५. मग पेप्टिडोग्लायकन कोण ओळखतं? ते तर निगेटिव्ह पॉझिटिव्ह दोघांत असतं

पेशीच्या आत बसलेले दोन पहारेकरी, नॉड१ आणि नॉड२. नॉड२ ला लागतो म्युरामिल डायपेप्टाइड, म्हणजे नॅम आणि त्याला लटकलेली दोन अमिनो ॲसिडं, एवढाच तुकडा, तो जवळजवळ सगळ्याच बॅक्टेरियात असतो. नॉड१ ला डीएपी नावाच्या अमिनो ॲसिडचा तुकडा लागतो, तो मुख्यतः ग्रॅम निगेटिव्हमध्ये सापडतो (पण लिस्टेरियासारख्या काही पॉझिटिव्हमध्येही, म्हणून परीक्षेत "फक्त निगेटिव्ह" लिहू नका). अख्खी जाळी यांना कळत नाही, आधी कोणीतरी ती कातरावी लागते, ते प्रश्न ६ मध्ये.

प्रश्न ३ मधला मेलेल्या बॅक्टेरियाचा चुरा आठवा. फ्रॉइंडच्या ॲडज्युव्हंटमध्ये (लसीचा जोर वाढवायला मिसळायचं मिश्रण) मारलेले मायकोबॅक्टेरिया असायचे आणि त्यातला कामाचा सगळ्यात छोटा तुकडा कुठला, तर हाच म्युरामिल डायपेप्टाइड, हे १९७४ मध्ये सापडलं होतं. तो कोण ओळखतो हे कळायला २००३ उजाडलं, तब्बल २९ वर्षं. त्याच्या आधीच, २००१ मध्ये, नॉड२ च्या जीनमधले काही बदल आतड्याच्या क्रोन्स आजाराशी जोडलेले सापडले होते, युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये. म्हणजे भिंत ओळखण्यात कमी पडलं तरी आतडं बिघडू शकतं, नुसतं जास्त ओळखल्यानेच नाही.

टीएलआर२ चं नाव पण खूप जण विचारतात. सुरुवातीला तोच पेप्टिडोग्लायकन ओळखतो असं छापलं गेलं, नंतर त्या नमुन्यांत लिपोप्रोटीनची (तेलकट शेपूट जोडलेल्या प्रोटीनची) भेसळ होती का यावर बराच वाद झाला. तो लिपोप्रोटीन ओळखतो हे मात्र पक्कं आहे.

६. डोळ्यातल्या पाण्यात खरंच जंतू मरतात का?

काही मरतात, हो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती तेव्हा त्यांनी आपल्याच नाकातला शेंबूड जंतूंच्या प्लेटवर टाकून पाहिला, तर आजूबाजूचे जंतू विरघळले. हे १९२२ मध्ये छापलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. त्या एन्झाइमचं नाव लायसोझाइम, ते अश्रूंत, लाळेत, आईच्या दुधात, अंड्याच्या पांढऱ्या भागात भरपूर असतं आणि नॅम-नॅगमधला जोड कापतं. मला यातलं सुंदर हे वाटतं की एकाच कापण्यात दोन कामं होतात, जंतू कमजोर होतो आणि जे तुकडे पडतात तेच नॉड१-नॉड२ साठी निरोप बनतात. पण स्टॅफ ऑरियस बिलंदर आहे, तो आपल्या नॅमवर एक असिटाइल गट चिकटवून ठेवतो, मग लायसोझाइमची कात्री तिथे चालत नाही. म्हणून डोळ्याला इन्फेक्शन झालं तर "अश्रू आहेत ना" म्हणून घरी बसू नका.

७. ताप जंतूमुळे येतो की शरीरच आणतं?

शरीरच आणतं. टीएलआर आणि नॉडचा सिग्नल गेला की पेशी आयएल-१, आयएल-६, टीएनएफ असे निरोप रक्तात सोडतात, त्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन बनतं आणि शरीराचा थर्मोस्टॅट वर सरकतो. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, जंतूला काही करत नाही, म्हणून गोळीने ताप उतरला म्हणजे इन्फेक्शन गेलं असं नाही.

८. मग सेप्सिसमध्ये टीएलआर४ बंद करून टाकला तर पेशंट वाचेल ना?

सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनला शरीराने दिलेलं उत्तर हाताबाहेर जाऊन अवयव बिघडायला लागणं. तो सिग्नलच बंद करावा हे खूप हुशार लोकांनाही वाटलं होतं. एरिटोरान नावाचं औषध बनवलं, लिपिड ए सारखंच पण चार साखळ्यांचं, ते खिशात बसून जागा अडवतं. सेप्सिसच्या पेशंटवर मोठी ट्रायल झाली, निकाल २०१३ मध्ये छापला, मृत्यू कमी झाले नाहीत. पेशंट हॉस्पिटलला पोचतो तेव्हा निरोपांची लाट आधीच उठून गेलेली असते, शिवाय सेप्सिस ग्रॅम पॉझिटिव्हनेही होतो, तिथे टीएलआर४ चा फारसा संबंधच नाही, मला तरी ही दोन कारणं मोठी वाटतात. थंडी वाजून ताप, धाप, गोंधळल्यासारखं बोलणं, लघवी कमी असं एकत्र दिसलं तर तास मोजा, दिवस नाही.

९. सीआरपी वाढलाय म्हणजे बॅक्टेरियाच आहे का?

आधी नाव बघा. १९३० मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना दिसलं की न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तातलं काहीतरी न्यूमोकोकसच्या भिंतीतल्या सी-पॉलिसॅकराइडला चिकटतं. म्हणून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. म्हणजे तुम्ही जो रिपोर्ट हातात धरलाय ते भिंत ओळखणारंच एक प्रोटीन आहे! ते भिंतीवरच्या फॉस्फोकोलिनला चिकटतं आणि कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रोटीनांना बोलावतं. लिव्हर ते आयएल-६ च्या सांगण्यावरून बनवतं, सहा-आठ तासांत वाढायला लागतं आणि साधारण दोन दिवसांत टोकाला जातं, त्यामुळे ताप आल्याच्या पहिल्याच तासाला केलेली टेस्ट फसवू शकते.

आणि उत्तर, नाही. आयएल-६ संधिवातात, ऑपरेशननंतर, मार लागल्यावर, काही व्हायरल तापांतही वाढतं, मग सीआरपीही वाढणार. आकडा खूप मोठा असेल तर बॅक्टेरियाचा संशय बळावतो एवढंच.

१०. विडाल पॉझिटिव्ह आली, टायफॉइडच ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर. एलपीएसला तीन भाग, आत लिपिड ए, मध्ये कोअर आणि बाहेर लोंबणारी साखरेची लांब साखळी, ओ अँटिजेन. लिपिड ए सगळ्यांचं साधारण सारखं म्हणून टीएलआर४ ला चालतं, पण ओ साखळी प्रत्येक जातीची वेगळी, ती ओळखायचं काम अँटिबॉडीचं. विडाल टेस्ट (१८९६ पासूनची, फर्नांड विडाल यांच्या नावाची) तुमच्या रक्तात साल्मोनेलाच्या ओ आणि शेपटीतल्या एच अँटिजेनविरुद्ध अँटिबॉडी आहेत का एवढंच बघते, जंतू आत्ता आहे का ते नाही.

अडचण इथेच आहे. ओ साखळीचे तुकडे दुसऱ्या साल्मोनेलांतही सारखे असतात, जुन्या इन्फेक्शनच्या अँटिबॉडी रेंगाळतात, आणि आपल्याकडे पाण्यातून असा संपर्क इतका होत असतो की धडधाकट माणसाचीही १:८० (म्हणजे रक्तातलं पाणी ८० पट पातळ करूनही पॉझिटिव्ह) येऊ शकते. आमच्याच घरी भाचीला ताप आला, विडाल १:८० आली, टायफॉइड म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं, आणि चौथ्या दिवशी प्लेटलेट उतरल्यावर कळलं की डेंग्यू आहे. ते चार दिवस मी विसरणार नाही. एका विडालवर निर्णय नको, अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर घेतलं तर खरं उत्तर मिळायची शक्यता जास्त.

गंमत म्हणजे टायफॉइडचा जंतू आपली ओ साखळी व्हीआय नावाच्या आवरणाखाली झाकतो, त्यामुळे टीएलआर४ चा गजर हळू वाजतो आणि ताप एकदम न येता पायरी पायरीने चढतो. आणि आजची टायफॉइडची काँज्युगेट लस त्याच व्हीआय विरुद्ध आहे.

११. आतड्यात एवढे बॅक्टेरिया, त्यांना पण भिंत आहेच, मग रोज ताप का नाही?

बरीच कारणं एकत्र. जाड चिकट थर त्यांना पेशींपासून लांब ठेवतो. आतड्यातलं अल्कलाइन फॉस्फेटेज लिपिड ए वरचे फॉस्फेट काढून त्याची धार बोथट करतं. तिथल्या बॅक्टेरॉइडिस मंडळींच्या लिपिड ए ला सहापेक्षा कमी साखळ्या असतात, म्हणून खिशात नीट जोडी जमत नाही (प्रश्न ४). थोडे तुकडे रक्तात झिरपतातच, पण उंदरांवरच्या कामात दिसलंय की हेच पेप्टिडोग्लायकनचे तुकडे पांढऱ्या पेशींना तयारीत ठेवतात. त्यामुळे "आतड्यातले सगळे जंतू साफ करा"वाली पावडर कोणी विकत असेल तर कृपा करून घेऊ नका.

१२. इंजेक्शनचं पाणी उकळलं तर जंतू मेले, मग काळजी कशाची?

एलपीएसची. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर जंतू मरतो पण त्याचा एलपीएस टिकतो, तो शिरेतून गेला तर थोड्या वेळात थंडी भरून ताप येतो. काचेच्या बाटल्यांवरचा घालवायला साधारण २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. तपासायला समुद्रातल्या हॉर्सशू क्रॅबचं निळं रक्त वापरतात. १९५६ मध्ये फ्रेडरिक बँग यांनी पाहिलं की ग्रॅम निगेटिव्ह जंतू अंगात शिरले की या प्राण्याचं रक्त गोठतं, त्यावरूनच पुढे टेस्ट झाली, नाहीतर आधी सशांना टोचून ताप मोजायचे. आता त्या रक्तातलं फॅक्टर सी लॅबमध्ये बनवता येतं, आणि माझ्या मते सगळ्यांनी लवकर तिकडे वळावं, दरवर्षी लाखो प्राण्यांचं रक्त काढणं बरं नाही.

१३. काही बॅक्टेरिया ओळखूच येत नाहीत असं होतं का?

होतं, आणि प्लेगचं उदाहरण आपल्या फार जवळचं आहे. येर्सिनिया पेस्टिस पिसवेच्या पोटात, थंड तापमानात असताना सहा साखळ्यांचं लिपिड ए बनवतो, पण माणसात ३७ अंशांना आला की चार साखळ्यांचं बनवतो. एमडी२ च्या खिशात चारवालं नीट बसून गजर होत नाही, तोवर जंतू काखेतल्या-जांघेतल्या लसिका गाठींमध्ये वाढून घेतो. शास्त्रज्ञांनी मुद्दाम ३७ अंशांनाही सहा साखळ्या बनवणारा प्लेग तयार केला तर तो उंदरांना मारूच शकला नाही. दोन साखळ्यांचा फरक! १८९६ ला मुंबईत मांडवीत आणि मग पुण्यात हाच जंतू पसरला, सावित्रीबाई फुले पेशंटची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या, त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. टीएलआर४ कोणाला माहीत व्हायला अजून शंभर वर्षं होती.

१४. टीबीच्या जंतूची भिंत वेगळी असते का?

हो, पेप्टिडोग्लायकनच्या बाहेर मायकोलिक ॲसिडचा मेणासारखा थर, म्हणून ग्रॅमचा रंग नीट धरत नाही आणि थुंकीची वेगळी एएफबी तपासणी करतात. त्या मेणातल्या ट्रेहॅलोज डायमायकोलेटला मिंकल नावाचा रिसेप्टर ओळखतो, हे २००९ मध्ये सापडलं. ओळख पटते, पण ज्या पेशीने गिळलं तिच्यातच हा जंतू राहायला शिकलाय, अडचण ती आहे.

१५. भिंतच नसेल तर?

मायकोप्लाझ्मा. पेप्टिडोग्लायकन नाही, एलपीएस नाही, म्हणून पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिनचा उपयोग शून्य. नॉडही गप्प. पण त्याच्या पडद्यातली लिपोप्रोटीनं टीएलआर२ ला कळतात, म्हणून खोकला-ताप येतोच.

१६. लेप्टोमध्ये अँटिबायोटिक दिल्यावर ताप आणखी चढला, औषध चुकलं का?

बहुतेक नाही, पण डॉक्टरांना लगेच सांगा. (लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, लेप्टोस्पायरा बॅक्टेरियाचा आजार.) जंतू एकदम फुटतात, तुकडे रक्तात येतात, आणि काही तास थंडी-ताप वाढतो, याला यारिश-हर्क्सहायमर रिॲक्शन म्हणतात, सिफिलिसमध्ये आधी दिसली, लेप्टोतही होते. ॲलर्जी वेगळी, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर थांबायचं नाही.

लेप्टोचा अपवाद अजून एका कारणाने सांगायचा होता. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टो वाढला तेव्हापासून विचारतात की उंदराच्या लघवीतून येतो तर उंदीर कसा मरत नाही. लेप्टोचं एलपीएस माणसाच्या टीएलआर४ ला कळत नाही, आपण ते टीएलआर२ वर ओळखतो, लॅबमधल्या छोट्या उंदराच्या टीएलआर४ ला मात्र ते कळतं. आणि प्रश्न ४ मधले टीएलआर४ बिघडलेले सी३एच-एचइजे उंदीर आठवतात? त्यांच्या पिल्लांना लेप्टो दिला तर ती मरतात.